टंचाई संपल्याचं कुणी सांगितलंच नाही

१९ एप्रिल, शुक्रवार
नळाला पाणी नाही, चौथा दिवस. घोडबंदर रोडला एवढे टॉवर उभे केले, पाण्याचं नंतर बघू म्हणून. ते 'नंतर' आता आलंय. सुरेशने विकतच्या बाटलीतल्या पाण्याने दाढी केली आणि ऑफिसला गेला. मी रिटायर झालेली, म्हणजे रिकाम्या बादल्यांकडे बघत बसायचं काम माझं. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून दीडशे मेसेज, त्यातले शंभर नुसते हात जोडलेले. अकराला चेअरमननी ग्रुपवरच राजीनामा टाकला, 'प्रकृतीच्या कारणास्तव'. पाठोपाठ सगळी कमिटी. एवढ्या लोकांची प्रकृती एकाच तासात कशी बिघडते?

चारच्या सुमारास दोन टँकर आत आले. ए विंगमधले जगदाळे (हे नाव रोज पूर्ण लिहिणार नाही, ज. पुरे) सकाळपासून शीळफाट्याला जाऊन उभे होते म्हणे, टँकरवाल्याला सोडलंच नाही. पाइप स्वतः धरला. लिफ्ट बंद, तर आमच्या समोरच्या सुजाताच्या सासऱ्यांसाठी दोन कॅन स्वतः सहाव्या मजल्यावर चढवून आणले. म्हातारबाबा अंथरुणाला खिळलेले, तिचा नवरा जहाजावर, ती हॉस्पिटलात नर्स. ज. धापा टाकत होते तरी आधी आजोबांना 'कसं काय' विचारलं. बरं वाटलं. बोलण्याऐवजी काहीतरी करणारा एक माणूस आहे या बिल्डिंगमध्ये.

२१ एप्रिल, रविवार
पार्किंगमध्ये मीटिंग. कधी नव्हे ते सत्तर-ऐंशी माणसं, ती पण अंघोळ न केलेली. ज. अगदी थोडं बोलले. मला पद नको, सहा महिने द्या, पाणी लावून देतो, मग तुम्ही आणि तुमची कमिटी. टाळ्या. मीही वाजवल्या. ज. हंगामी कमिटीचे अध्यक्ष झाले.

दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने थेट लाइनला मोटर लावलेली सापडली होती, त्यावरून सगळे भयंकर तापलेले. म्हणून ठराव झाला की टंचाई संपेपर्यंत पाण्याचे आणि सोसायटीचे सर्व निर्णय अध्यक्षांनी घ्यावेत, आणि सहकार्य न करणाऱ्या सभासदाचं पाणी अध्यक्षांना थांबवता येईल. मला तर हा ठराव कमीच वाटला, मी त्या मोटरवाल्याला पार्किंगमध्ये उभं केलं असतं.

मी सचिव झाले. कमिटीत एक बाई पाहिजे आणि माझं अक्षर चांगलं, एवढ्या दोन पात्रता. इतिवृत्ताची वही घरी आणलीय. सुरेश म्हणाला, अभिनंदन, आता फुकटची चाकरी कर. (ऑफिसातलं प्रेम, म्हणून आमचं अरेतुरे. त्याची जीभही ऑफिसातलीच राहिली.)

१६ जुलै, मंगळवार
पाणी दोन वेळा, फुल प्रेशर. गच्चीवरची टाकी भरून वाहते. ज.ना विचारलं, टंचाई संपल्याची नोटीस काढू का? हसले. म्हणाले, "वहिनी, लोकांना एकदा संपलं म्हणून सांगितलं की परत नळ उघडे टाकून बसतात. राहू द्या." पटलं मला. लोक आहेतच तसे.

ग्रुपवर आता फक्त ज. मेसेज टाकू शकतात. पाण्याच्या वेळा गर्दीत हरवतात म्हणून. हेही पटलं. सकाळी उठून पन्नास जणांची फुलं आणि सुविचार बघावे लागत नाहीत, केवढी शांतता. आठ वर्षांत पहिल्यांदा या सोसायटीत कुणी कुणाशी भांडत नाहीये.

१५ ऑगस्ट, गुरुवार
झेंडावंदन. पूर्वी झेंडा कोण वर नेणार यावरून भांडण व्हायचं, आज सगळे आठला हजर, इस्त्रीचे कपडे. ज. वीस मिनिटं बोलले. शिस्त, पाणी, शिस्त. फडके काकांना लिफ्टजवळचं पार्किंग मिळालंय, ते पहिल्या रांगेत. ६०२ च्या देशमुखांच्या मुलाला क्लबहाउसमध्ये गाण्याचा क्लास घ्यायची परवानगी मिळालीय, तेही पहिल्या रांगेत. सगळ्यांना काही ना काही मिळालेलं आहे, फार मोठं काही नाही, पण गेलं तर चुटपुट लागेल एवढं.

जगदाळेंचे 'साहेब' कधी झाले ते माझ्या लक्षातच आलं नाही. वॉचमन उठून उभा राहतो. काल मी नोटिशीत 'मा. अध्यक्ष साहेब' लिहिलं. मला कुणी सांगितलं नव्हतं लिहायला. लिहून झाल्यावर बघितलं आणि तसंच ठेवलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार
काल सहा महिने झाले. कुणी काही बोललं नाही. मीच ज.ना आठवण केली. दिवाळी होऊ द्या, म्हणाले. देशमुख बाई लिफ्टमध्ये म्हणाल्या, निवडणूक कशाला हवीय, चाललंय ना छान, उगाच परत ती तोंडं कोण बघणार. हे मात्र खरं, ती तोंडं मलाही बघायची नाहीत.

भाजीवाल्याकडे ए विंगमधल्या एक बाई भेटल्या. बोलणं तुटक. मग कळलं, त्यांना सांगितलंय की बी विंगवाले पाणी जास्त ओढतात, म्हणून ए ला कमी येतं. आम्हाला सांगितलंय ए विंगवाले आमच्याविरुद्ध तक्रारी करतात. दोघींनी तिथेच कोथिंबीर हातात धरून हिशोब लावला आणि पैसे देऊन आपापल्या विंगला निघालो. घरी येऊन सुरेशला सांगितलं तर म्हणाला, तुला काय करायचंय.

१२ जानेवारी, रविवार
सुजाताने नोटीस बोर्डावर कागद लावला. ग्रुप बंद, मग करणार काय बिचारी. एकच ओळ, 'हंगामी कमिटीची मुदत ऑक्टोबरमध्ये संपली आहे. निवडणूक कधी?' खाली सही, फ्लॅट नंबर. तासाभरात वॉचमनने काढला. तिने परत लावला. परत काढला. दुपारी ड्यूटीवर जाताना तिसऱ्यांदा लावून गेली.

मी खाली गेलेले तेव्हा लिफ्टसमोर पाच-सहा जण होते. सगळ्यांनी वाचलेलं, आणि सगळे लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होते. मीही बघितलं. चार, तीन, दोन.

१५ जानेवारी, बुधवार
ज. घरी आले. चहा घेतला, सुरेशच्या गुडघ्याची चौकशी केली, डॉक्टरचं नाव दिलं. माणूस चांगला वागतो, हीच तर पंचाईत आहे. ओरडला असता तर मी तरी काही बोलले असते. जाताना म्हणाले, वाघमारे ताईंना (म्हणजे सुजाताला) एक पत्र द्यायला हवं, तुमची भाषा चांगली आहे.

मी लिहिलं. त्यांनी सांगितलेलं वाक्य फारच रांगडं होतं, ते काढून मी 'अत्यंत खेदाने कळवावे लागते की आपल्या वर्तनाने सोसायटीच्या सलोख्यास बाधा येत आहे' असं घातलं. वाचून ज. म्हणाले, वा. आणि मला बरं वाटलं. म्हणजे अजून लिहिता येतं मला, असं काहीतरी. संध्याकाळी सुजाता पत्र हातात घेऊन दारात आली, "ताई, हे तुम्ही लिहिलंय ना? 'खेदाने' तुमचाच शब्द," एवढंच म्हणाली.

२ फेब्रुवारी, रविवार
आज जे झालं ते नीट लिहिते, नाहीतर उद्या मीच माझ्या सोयीने विसरेन.

सकाळी सुजाताच्या नळाला पाणी नाही. बाकी सगळ्यांना आहे. गच्चीवर तिच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद. ती ज.कडे गेली, मला फोन आला की वही घेऊन या. गेले. ज.नी पान काढलं, एप्रिलचा तो ठराव. सहकार्य न करणाऱ्याचं पाणी थांबवता येईल. टंचाई संपेपर्यंत. सुजाता म्हणाली, टंचाई कुठेय? ज. म्हणाले, संपल्याचा ठराव दाखवा. तसा ठराव नाहीच. सचिव मी, मला माहीत असणारच. मग त्यांनी बोट खाली सरकवलं आणि शांतपणे म्हणाले, "अनुमोदक बघा कोण आहे, ताई. तुम्हीच अनुमोदन दिलंय."

अनुमोदक : सौ. सुजाता वाघमारे, बी-६०३. माझ्या सुंदर अक्षरात.

ती म्हणाली, मी त्या दिवशी मीटिंगला नव्हतेच, माझी ड्यूटी होती. ज. म्हणाले, इथे लिहिलंय. ती माझ्याकडे बघत राहिली. मी वहीकडे.

ती नव्हती. मला पक्कं आठवतंय. आमच्याकडे ठराव झाला की सूचक-अनुमोदक कुणी विचारत नाही. सगळे माना डोलावतात, उठतात, चहाकडे जातात. नावं नंतर घरी भरायची. आधीचे सचिवही तसंच करायचे, वही देताना त्यांनी मला तेवढंच एक काम समजावून सांगितलं होतं, की एक ए विंगचा घ्या, एक बी विंगचा, अधूनमधून एखादी बाई. त्या रविवारी सूचक म्हणून फडके काका टाकले, कारण ते नेहमीचेच. मग बी विंगची बाई पाहिजे होती. समोरच्या दाराकडे बघितलं आणि लिहून टाकलं. कुकरची शिट्टी होत होती. दोन मिनिटांचं काम.

ज.च्या घरी मी एक शब्द बोलले नाही. सुरेशलाही सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितेय.

५ फेब्रुवारी, बुधवार
तीन दिवस सकाळी सात बादल्या पॅसेज ओलांडून तिच्याकडे. आजोबांना दिवसातून दोनदा पुसावं लागतं, चादरी रोज. पाठीला जखम झालीय, ती ओली राहिली की चिघळते. सुजाता मला आत येऊ देते पण बसा म्हणत नाही. आज आजोबा मला म्हणाले, "पोरी, तुला का गं एवढा त्रास?" मी रिकामी बादली उचलली. पोरी म्हणाले, अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला.

सात बादल्यांत सांगायला सात वेळा संधी. नाही सांगितलं.

९ फेब्रुवारी, रविवार
सहाव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये कॅमेरा. सुरक्षेसाठी. बाकी कुठल्याच मजल्यावर नाही, सगळे चोर सहाव्याच मजल्यावर येणार बहुतेक. खाली नोटीस लागलीय, पाणी थांबवलेल्या सभासदास पाणी पुरवणे हेही असहकार्य समजण्यात येईल. ही मी लिहिलेली नाही, 'पुरवने' आणि 'समजन्यात' वरून कळतंच. मला मनातून पहिला राग त्या शुद्धलेखनाचा आला, दुसरा नोटिशीचा. काय बाई आहे मी.

सुरेश म्हणाला, दार लाव. म्हणाला, माझी एक वर्षाची नोकरी उरलीय, गुडघ्याचं ऑपरेशन आहे, सहाव्या मजल्यावर पाणी नसलं तर मी काय करणार. चूक काहीच बोलला नाही. दार लावलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
दार लावलेलं. सकाळी लिफ्ट उघडल्याचा आवाज, मग कॅन फरशीवर घासत नेल्याचा. सुजाता हॉस्पिटलातून रिक्षात घालून आणते. वॉचमनला सांगितलंय हात लावायचा नाही. आमच्या मजल्यावर चार दारं. चारही दारांच्या आत माणसं जागी असतात त्या वेळी, चहा पीत असतात. आवाज थांबेपर्यंत कुणी कप खाली ठेवत नाही. निदान मी तरी ठेवत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
डोंबिवलीला दादाकडे. न राहवून थोडं सांगितलं, नावाचं सोडून. दादा खो खो हसला. म्हणाला, अगं आमच्याकडेही एक आहे, पण तुमच्यासारखा कामाचा नाही, आमचा नुसताच दादागिरी करतो, लिफ्ट पण दुरुस्त करत नाही. वहिनी म्हणाली, निदान तुमचा पाणी तरी देतो. या घरात मी लहानपणापासून रागावत आलेय आणि कुणी कधी मनावर घेतलेलं नाही. श्रीखंड खाल्लं आणि परत आले.

२२ फेब्रुवारी, शनिवार
सुजाताने विशेष सभेसाठी अर्ज काढला. एकूण सभासदांच्या पाचव्या हिश्श्याच्या सह्या पाहिजेत, म्हणजे वीस. पहिली माझ्याकडे आली. मी म्हटलं, सचिवाला सही करता येत नाही. असा काही नियम नाही. तिलाही ते माहीत असावं, पण वाद न घालता पुढच्या दाराकडे गेली.

तरी तिने बावीस सह्या मिळवल्या. मला खरंच आश्चर्य वाटलं, आणि आतून थोडा आनंद. दुपारी दोननंतर माझ्या दाराखालून कागद सरकायला लागले. 'मी सदर अर्जावर गैरसमजातून सही केली होती, ती मागे घेत आहे.' संध्याकाळपर्यंत तेरा. तेराही एकाच प्रिंटरमधून, गैरसमजही एकाच प्रकारचा. फडके काकांचा कागद होता. ज्यांच्या घरी तिने रात्रंदिवस जाऊन इंजेक्शनं दिली, त्या चौथ्या मजल्यावरच्या बाईंचाही.

मला सचिव म्हणून त्यांच्यावर 'मिळाले' असा शिक्का मारायचा होता. मारला, तेरा वेळा.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
ज.नी स्वतःच सभा लावली. ९ मार्च. "आपण लोकशाही मानतो वहिनी, कुणाच्या सह्या कमी पडल्या म्हणून काय झालं?" विषय एकच, परिस्थिती सामान्य होईपर्यंत सध्याच्या कमिटीला मुदतवाढ. परिस्थिती सामान्य आहे की नाही हे कोण ठरवणार, विचारलं. अर्थात कमिटी, म्हणाले. पुढे विचारलं नाही, कारण कमिटीत मीही आहे आणि मला आजवर कुणी काही ठरवायला बोलावलेलं नाही.

८ मार्च, शनिवार
महिला दिन. सकाळी प्रत्येक दाराच्या कडीला अध्यक्षांतर्फे एक गुलाब. सुजाताच्या दारालाही. पाणी नाही आणि गुलाब. ती ड्यूटीवरून येईपर्यंत तो मान टाकून लोंबत होता. कॅमेऱ्यासमोर जाऊन तो काढावा असं फार वाटलं. नाही काढला.

दुपारी ज. आले. उद्याचं इतिवृत्त आजच लिहून ठेवा म्हणाले, उद्या घाई होते. मला वाटलं मस्करी करतायत. नव्हती. सभा उद्या, पण तिथे काय झालं ते आज लिहायचं. मी म्हटलं, कुणी विरोध केला तर? ते अगदी मनापासून गोंधळले. "कोण करणार?"

बसले लिहायला. 'सभेत सविस्तर चर्चा होऊन सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' हात इतका सरावलाय की वाक्य आपोआप उतरलं. सूचक, फडके काका. अनुमोदक या शब्दापुढे आले आणि पेन थांबलं. समोरच्या फ्लॅटमधून आजोबांचं कण्हणं ऐकू येत होतं, चादर बदलत असणार. ती जागा कोरी ठेवलीय.

सुरेशला सगळं सांगितलं. अनुमोदकाचं पण. तो म्हणाला, उद्या तोंड उघडू नकोस, मग सावकाश बघू. 'मग सावकाश' हे आमच्या घराचं घोषवाक्य आहे तीस वर्षं.

९ मार्च, रविवार
अकराला सभा. पार्किंगमध्ये खुर्च्या, सामोसे आधीच आणलेले. ज.नी मला मागचं इतिवृत्त वाचायला सांगितलं, प्रथेप्रमाणे, लवकर लवकर. उभी राहिले.

मी मागचं वाचलं नाही. एप्रिलचं पान काढलं. अनुमोदकापर्यंत वाचलं आणि म्हणाले, "हे नाव मी घरी बसून घातलं. सुजाता त्या दिवशी इथे नव्हती. तिला कुणी विचारलं नव्हतं. चूक माझी आहे, तिचं पाणी सोडा."

एवढी माणसं आणि सामोशाच्या पिशवीचा आवाज येत होता. मला वाटलं होतं निदान कुणीतरी 'काय?' म्हणेल. मग फडके काका हळूच म्हणाले, माझं नाव कोण घालतं गं दर वेळी? मी म्हटलं, मीच, काका. दोन-तीन जण हसले. काका नाही हसले.

ज. रागावले नाहीत. म्हणाले, वहिनींची तब्येत बरी नाही, गेले काही दिवस ताण आहे, त्यांना चहा द्या. नोंदीची चौकशी करू. चला, विषयाकडे. मुदतवाढ मंजूर असणाऱ्यांनी हात वर करा. हात वर झाले. किती, ते कुणी मोजलं नाही. विरोध कुणाचा, हे विचारायचं राहिलंच. सुजाताने न विचारता हात वर केला. मीही. सुरेश माझ्या शेजारी, त्याचे दोन्ही हात मांडीवर. म्हणजे त्याने ज.साठीही वर केला नाही. माझ्या नवऱ्याच्या मानाने हे फार झालं.

मी वहीतलं 'सर्वानुमते' खोडलं आणि वर 'दोघींचा विरोध' लिहिलं. ज.नी वही माझ्या हातातून अलगद काढून घेतली. मला सचिवपदावरून विश्रांती देण्यात आलीय.

लिफ्टमध्ये सुजाता आणि मी दोघीच. मला वाटलं ती काही बरं बोलेल, उगाच खोटं कशाला लिहू. ती म्हणाली, "पाच आठवडे, ताई. पाच आठवडे तुम्हाला माहीत होतं." सहावा मजला आला.

१० मार्च, सोमवार
आमच्याही नळाला पाणी नाही.

सुरेशने सकाळी नळ उघडला, बंद केला, परत उघडला. माझ्याकडे बघितलं, काही न बोलता हॉलमध्ये जाऊन बसला. बोलला असता तर बरं झालं असतं, मलाही भांडायला मिळालं असतं. सुजाताचंही सुटलेलं नाही. चौकशी चालू आहे म्हणे. काय चौकशी, मी तर सगळं सांगून बसलेय.

दुपारी तिच्या दाराशी गेले. म्हटलं, हॉस्पिटलातून माझेही दोन कॅन आणशील? म्हणाली, रिक्षा अर्धी रिकामीच असते. आज पहिल्यांदा बसा म्हणाली. बसले नाही, आजोबांना पालथं करायचं होतं, मी पाय धरले. जखम आता माझ्या तळहाताएवढी आहे.

१४ मार्च, शुक्रवार
धुळवड. ए विंगखाली पाइप लावून सगळे भिजतायत, गाणी लागलीत, जमीन गुलाबी झालीय. टंचाई आहे, ठराव आहे. बाल्कनीतून बघून माझं डोकं फिरलं, सुरेशला म्हटलं, बघ, बघ तुझी परिस्थिती सामान्य होईपर्यंत. तो म्हणाला, माझी कशी? मी म्हटलं, सगळ्यांचीच. दिवसभर आम्ही बोललो नाही. संध्याकाळी कॅन मात्र त्याने उचलून आणला, लिफ्टपासून दारापर्यंत, गुडघ्यासकट, कॅमेऱ्यासमोरून.

१५ मार्च, शनिवार
सकाळपासून फोन. आधी चौथ्या मजल्यावरच्या बाई, आवाज इतका खाली की टीव्ही बंद करावा लागला. पाणी कसं आहे हे नाही विचारलं. विचारलं, "वहीत माझं नाव कुठे आहे का हो?" म्हटलं, आहे, ऑगस्टमध्ये, क्लबहाउसच्या ठरावात. त्या म्हणाल्या, मी तर तेव्हा गावाला गेलेले. आणि फोन ठेवला. मग ए विंगच्या त्या कोथिंबीरवाल्या बाई. मग देशमुखांचा मुलगा, आईच्या नकळत. दुपारपर्यंत सात जण. सगळे तेच विचारतायत. रविवारी खुर्चीवर गप्प बसलेलेच हे सगळे.

वही ज.कडे आहे. पण लिहिलंय सगळं मी, त्यामुळे डोक्यात आहे. जेवण झाल्यावर कागद घेऊन बसले आणि आठवेल तसं लिहीत गेले, कोणता ठराव, कुणाचं नाव, तो माणूस तिथे होता की नव्हता. आतापर्यंत एकतीस नावं. निम्म्याहून जास्त तिथे नव्हतेच, आणि जे होते त्यांना कुणी विचारलं नव्हतं. वाटत होतं ज.नी केलं सगळं. त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला, बाकीचं मी कुकर लावता लावता केलंय, प्रत्येक मजल्यावरून एकेकाला घेऊन.

उद्या दारोदार जाऊन प्रत्येकाला त्याचं नाव दाखवणार आहे. आणि विचारणार, हे तुमच्या वतीने मी लिहिलं, तुम्हाला मंजूर होतं का? नसेल तर या कागदावर तसं लिहून सही द्या. तेरा जणांनी सही मागे घेतली तशी हीही मागे घेतील, माहितेय मला.

सुरेश शेजारी येऊन उभा राहिला, चष्मा वर करून यादी वाचायला लागला. म्हणाला, माझं आहे? म्हटलं, तीन ठिकाणी. फ्लॅटवर पहिलं नाव त्याचं, दुसरं माझं, सोयीचा पडायचा.

"मला विचारलं का नाहीस?"

"तू समोरच होतास. मॅच बघत होतास."

त्याने यादीतली ती तीन ठिकाणं बोटाने शोधली. मग म्हणाला, "विचारलं असतंस तरी मी हो म्हणालो असतो."

ते तर मला माहीतच होतं, म्हणून तर विचारलं नव्हतं. कुणालाच. मी पेन त्याच्यापुढे ठेवलंय आणि कागद पण. तो अजून तिथेच बसलाय, सही केलेली नाही, उठूनही गेलेला नाही. उद्या नऊला फडके काकांपासून सुरू करणार आहे. रविवार आहे, लोक घरी असतील.